धोकादायक टपाल : त्याची भाषा, ओळख व प्रतिकार

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठी भाषकांच्या नित्य परिचयाचा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रघुनाथरावांच्या पत्रात 'धरावे' असे होते व आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, अशी आख्यायिका परंपरेने सांगितली जाते. तिची ऐतिहासिक सत्यता वादग्रस्त आहे. तथापि लोकांनी ती अडीच शतके जतन करून ठेवली, ह्यात एक सामाजिक अनुभव साठलेला आहे. पत्र हाती पडते तेव्हा ते खरोखर कोणाकडून आले, वाटेत कोणाच्या हातून गेले आणि त्यातील अक्षरे मूळचीच आहेत काय, हे वाचणाऱ्यास दिसत नाही. तो विश्वासावर वाचतो. टपालाने येणारा स्फोटक पुडा काय किंवा ईमेलने येणारी फसवी सूचना काय, दोहोंचे बळ ह्या विश्वासातच असते.

जुन्या कारभाऱ्यांना ही अडचण पूर्णपणे ठाऊक होती. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा उठविली जात असे. मजकूर येथे संपला, ह्यापुढे कोणी काही लिहिल्यास ते पत्राचे नव्हे, हा तिचा अर्थ. पेशवाईतील पत्रांवर 'लेखनसीमा' हा शिक्का हेच कार्य करीत असे. म्हणजे मजकुराची सत्यता मजकुराबाहेरच्या एका खुणेवर अवलंबून असते, हे तत्त्व तेव्हाच रूढ झाले होते. प्रस्तुत लेखात ह्या तत्त्वाच्या आधारे आजच्या धोकादायक टपालाची लक्षणे व त्यासंबंधीचे सुरक्षित वर्तन ह्यांचा विचार करावयाचा आहे. हा विषय पोलिसांचा व तंत्रज्ञांचा आहे, तसाच तो भाषेच्या अभ्यासकांचाही आहे. कारण पुडा असो की ईमेल, त्याच्याशी वाचकाचा पहिला संबंध येतो तो अक्षरांतूनच.

१. वस्तुरूप टपाल : तीन घटना

पहिली घटना १९७८ सालची आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात एका विद्यापीठाच्या वाहनतळावर एक पुडा सापडला. त्यावर प्रेषक म्हणून जवळच्याच दुसऱ्या विद्यापीठातील एका प्राध्यापकाचे नाव होते, म्हणून तो त्यांच्याकडे 'परत' पाठविण्यात आला. आपण असा पुडा पाठविलाच नव्हता, हे ध्यानी येताच त्यांनी विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्यास बोलाविले. अधिकाऱ्याने तो उघडला, स्फोट झाला आणि त्याच्या हाताला इजा झाली. इजा किरकोळ होती, हे केवळ सुदैव. येथे ओळख बरोबर होती, परंतु वर्तन चुकले. संशय घेणे व संशयित वस्तू उघडून पाहणे ह्या परस्परविरोधी क्रिया आहेत, हा ह्या घटनेचा धडा होय. हा पुडा पाठविणारा थिओडोर काझिन्स्की पुढे १९९५ पर्यंत अशीच स्फोटके धाडीत राहिला. त्यांत तिघांचा मृत्यू झाला व २३ जण जखमी झाले.

त्याचा शोध लागला तो भाषेमुळे. सुमारे ३५,००० शब्दांचे त्याचे निवेदन १९ सप्टेंबर १९९५ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये छापले गेले. त्यातील शब्दप्रयोग व विचारांची मांडणी त्याच्या सख्ख्या भावाला ओळखीची वाटली. एका सर्वपरिचित इंग्रजी म्हणीतील पदांचा क्रम निवेदनात प्रचलित क्रमाहून निराळा होता. तीच लकब काझिन्स्कीच्या जुन्या घरगुती पत्रांतही आढळली. ३ एप्रिल १९९६ रोजी त्यास अटक झाली. व्यक्तिविशिष्ट भाषारूपाचा पुराव्यासारखा उपयोग होऊ शकतो, ह्याचे हे उदाहरण आता अभ्यासक्रमांत शिकविले जाते.

दुसरी घटना २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांतील, तीही अमेरिकेतीलच. अँथ्रॅक्स ह्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू भरलेली पत्रे वृत्तसंस्थांना व सिनेटच्या दोन सदस्यांना पाठविण्यात आली. सिनेट-सदस्यांच्या पाकिटांवर प्रेषक म्हणून एका प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेचा पत्ता होता. त्या नावाची शाळा तेथे नव्हती. लहान मुलांचे पत्र कोणीही निःशंकपणे उघडतो, ही त्यामागील अटकळ उघड आहे. ह्या प्रकरणात पाच जण मृत्यू पावले व १७ जण आजारी पडले.

मृतांपैकी दोघे वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातील कर्मचारी होते. त्यांनी कोणतेही पत्र उघडले नव्हते. पाकीट बंद असले की धोका नाही, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात छाननीच्या यंत्रांत पाकिटे दाबली जाऊन सूक्ष्म बीजाणू कागदाच्या छिद्रांतून बाहेर पडले. १५ ऑक्टोबर रोजी सिनेटच्या कार्यालयात पत्र उघडले गेले व तेथील लोकांना तत्काळ प्रतिजैविके देण्यात आली. टपाल केंद्र मात्र २१ ऑक्टोबरपर्यंत चालूच राहिले. त्या इमारतीला पुढे त्या दोन कर्मचाऱ्यांची नावे देण्यात आली. पत्राचा धोका केवळ ज्याच्या नावे ते येते त्यालाच असतो असे नाही. ते ज्या ज्या हातांतून जाते त्या सर्वांना असतो, हे ह्या घटनेने कायमचे सिद्ध केले. कार्यालयातील सूचना अधिकाऱ्यांपुरत्या न ठेवता आवक-जावक लिपिक व शिपाई ह्यांच्यापर्यंत का पोहोचल्या पाहिजेत, ह्याचे उत्तर येथे आहे.

तिसरी घटना भारतातील. २३ फेब्रुवारी २०१८ रोजी ओडिशातील पाटणागढ येथे एका नवविवाहित दांपत्याच्या घरी आहेर म्हणून आलेला पुडा उघडताच स्फोट झाला. त्यात वर व त्याची वृद्ध आप्त स्त्री ह्यांचा मृत्यू झाला आणि वधू गंभीर जखमी झाली. पुडा छत्तीसगडमधील रायपूरहून खोट्या नावाने कुरियरने पाठविलेला होता. काही आठवड्यांनी पोलिसांकडे एक निनावी इंग्रजी पत्र आले. त्यात प्रेषकाचे जे आडनाव दिले होते ते वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या आडनावाहून भिन्न होते. पावतीवरील हस्ताक्षर मात्र तसे वाचता येत होते. इतका बारीक तपशील ज्याने ती पावती लिहिली त्यालाच ठाऊक असण्याचा संभव. पत्रातील काही शब्दप्रयोग वराच्या आईला आपल्या एका सहकाऱ्याच्या बोलण्यातले वाटले. तो सहकारी महाविद्यालयात इंग्रजीचा अध्यापक होता. मे २०२५ मध्ये न्यायालयाने त्यास जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तपास भरकटविण्यासाठी लिहिलेल्या पत्रानेच लेखकाचा माग दिला.

२. पाकिटाची व पुड्याची लक्षणे

संशयित टपालाची लक्षणे स्थूलमानाने दोन वर्गांत मांडता येतात. पहिला वर्ग लिखित खुणांचा. प्रेषकाचे नाव नसणे किंवा अनोळखी असणे. प्रेषकाचा पत्ता एका गावचा व टपालाचा शिक्का दुसऱ्याच गावचा असणे. ज्याच्या नावे पत्र आहे त्याचे नाव वा हुद्दा चुकीचा असणे, अथवा नाव नसून केवळ हुद्दाच असणे. 'खासगी', 'गोपनीय', 'स्वतःच उघडावे' अशा सूचना ठळकपणे लिहिलेल्या असणे. आवश्यकतेहून पुष्कळ अधिक तिकिटे चिकटविलेली असणे. जादा तिकिटांचे कारण उघड आहे : टपाल कचेरीच्या खिडकीशी जाऊन वजन करून घेण्याचे पाठविणारा टाळीत असतो.

दुसरा वर्ग वस्तूच्या खुणांचा. पुडा एका बाजूस जड असणे, आकाराच्या मानाने वजन विसंगत असणे, पाकीट अस्वाभाविकपणे ताठ वा फुगलेले असणे, तेलकट डाग वा रंगबदल, अपरिचित वास, बाहेर आलेली तार वा चकचकीत वर्ख, चिकटपट्टीचा वा सुतळीचा अतिरेक, आणि भुकटी झिरपणे ही ती लक्षणे होत. ह्यांपैकी एखादेच लक्षण आढळल्यास टपाल घातक ठरत नाही. गावाकडून आलेल्या लोणच्याच्या डब्यासही तेलकट डाग पडतातच. परंतु अनपेक्षित पुडा आणि त्यावर अशी दोन-तीन लक्षणे एकत्र, असे असल्यास तो उघडू नये.

३. संशय आल्यावर काय करावे

येथे दोन प्रसंग वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांतील वर्तन वेगळे आहे.

स्फोटकाचा संशय असल्यास पुडा हातात असेल तर तो सावकाश जवळच्या स्थिर जागी ठेवावा. आधीच ठेवलेला असेल तर त्यास स्पर्शच करू नये. तो हलवू नये, पाण्यात बुडवू नये, कपाटात वा खणात कोंडू नये आणि तो घेऊन पोलीस ठाण्याकडे जाण्याचे धाडस तर मुळीच करू नये. खोलीतील व लगतच्या खोल्यांतील माणसांना शांतपणे बाहेर न्यावे. पुड्याच्या जवळ मोबाइल फोन वापरू नये. दूर गेल्यावर ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे.

भुकटीचा संशय असल्यास उलट, माणसाने लगोलग पळत सुटून ती कपड्यांवरून सर्वत्र नेता कामा नये. पाकीट झटकू नये, हुंगू नये. ते तेथेच ठेवून प्लास्टिकच्या पिशवीने वा अन्य कशाने अलगद झाकावे. सांडलेली भुकटी झाडून काढण्याचा प्रयत्न करू नये. पंखे व वातानुकूलन बंद करावे, खोली सोडून दार लावून घ्यावे, साबण व पाण्याने हात धुवावे आणि भुकटी लागलेले कपडे उतरवून पिशवीत बंद करावे. त्या वेळी खोलीत कोण कोण होते ह्यांची यादी करून पोलिसांच्या व वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी. ही यादी क्षुल्लक वाटते, पण औषध कोणास द्यावयाचे हे तिच्यावरूनच ठरते. अँथ्रॅक्सवर प्रतिजैविके वेळीच दिल्यास प्राण वाचू शकतात.

४. ईमेल : उत्तरपदप्रधान वाचन

ईमेलच्या देवाणघेवाणीचे मूळ नियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रेषकाच्या नावाची खातरजमा करण्याची तरतूद त्यांत नव्हती. पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे ईमेलमध्येही करता येत होते. पुढे प्रेषकाचे संस्थानाम तपासणाऱ्या सांकेतिक स्वाक्षऱ्या प्रचारात आल्या. त्यांना आधुनिक 'लेखनसीमा' म्हणता येईल. परंतु त्यांच्याने एवढेच सिद्ध होते की पत्र अमुक नावाच्या ठिकाणाहून निघाले. ते ठिकाण प्रामाणिक आहे की नाही, किंवा मित्राचे खाते कोणी बळकाविले आहे काय, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून वाचकाला स्वतः वाचणे भाग आहे.

ह्या वाचनाचा एक नियम मराठी व संस्कृत व्याकरण जाणणाऱ्यास सहज उमजेल. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते : 'राजपुत्र' हा राजा नव्हे, पुत्र होय. संकेतस्थळाचे नावही असेच उत्तरपदप्रधान आहे. 'अमुकबँक.पडताळणी-सेवा.कॉम' असे नाव दिसल्यास ते अमुक बँकेचे नव्हे. ते 'पडताळणी-सेवा' नामक कोणा तिऱ्हाइताचे आहे, आणि 'अमुकबँक' हे त्याने पुढे जोडलेले केवळ विशेषण आहे. प्रथम येणाऱ्या तिरक्या रेघेपर्यंतचे नाव घ्यावे व ते उजवीकडून डावीकडे वाचीत जावे. 'कॉम', 'को.इन', 'गव्ह.इन' असा जो वर्गवाचक शेवट असेल त्याच्या लगत डावीकडे जे पद येते तेच मालकाचे नाव. लबाड माणूस सुपरिचित नाव नेहमी डावीकडे ठेवतो, कारण डोळा तेथून वाचावयास प्रारंभ करतो.

फाइलींच्या नावांसही हाच नियम लागू पडतो. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेले व 'आय लव्ह यू' अशा विषयाचे एक ईमेल अल्पावधीत जगभर पसरले. त्यासोबतच्या प्रेमपत्रवजा फाइलच्या नावात आधी साध्या मजकुराचे व त्यानंतर आज्ञावलीचे असे दोन प्रत्यय होते. अनेक संगणक शेवटचा प्रत्यय दाखवीतच नसत. म्हणजे उत्तरपद झाकलेले आणि पूर्वपद तेवढे दृश्य! फाइल उघडताच ती वाचकाच्या परिचितांना स्वतःच्या प्रती धाडी, आणि प्रेषक म्हणून त्याच वाचकाचे नाव दिसे. ओळखीच्या माणसाकडून आले म्हणून जोडपत्र निर्धोक, हे अनुमान त्या दिवसापासून निराधार ठरले.

समानाकृती अक्षरांचा तिसरा फसवा प्रकार आहे. देवनागरीत 'ख' आणि 'रव' ह्यांची गल्लत, किंवा 'घ' व 'ध', 'भ' व 'म' ह्यांचे साम्य सर्वांस ठाऊक आहे. रोमन व रशियन लिप्यांतील कित्येक अक्षरे तर डोळ्यांस अगदी एकसारखी दिसतात, पण संगणकास ती भिन्न असतात. २००२ मध्ये इस्रायलमधील दोन संशोधकांनी एका विख्यात कंपनीच्या नावातील काही अक्षरे रशियन लिपीतील घालून तसे संकेतस्थळ-नाव नोंदवून दाखविले. हा जणू यंत्रयुगातील 'ध चा मा' होय. डोळा येथे अपुरा पडतो. म्हणून पत्रातील दुव्यावर बोट न ठेवता बँकेचा वा कार्यालयाचा पत्ता स्वतः टंकित करावा, हा एकच मार्ग राहतो.

५. अशुद्धलेखन ही कसोटी पुरेशी आहे काय?

फसवे पत्र अशुद्ध भाषेवरून ओळखावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो निराधार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यू यॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर काढण्याच्या खोट्या आज्ञा सुटल्या. त्यांपैकी श्रीलंकेस जाणाऱ्या दोन कोटी डॉलरांच्या आज्ञेत 'फाउंडेशन' ह्या शब्दाचे वर्णलेखन चुकले होते. एका मध्यस्थ बँकेने त्यावरून पृच्छा केली व ती रक्कम वाचली. परंतु ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला गेलेच. शिवाय अमेरिकी तपासानुसार चोरांनी ह्या बँकेत पाऊल टाकले ते नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याच्या नावे २०१५ मध्ये पाठविलेल्या साध्या, सभ्य ईमेलांतून. चुकीच्या शब्दाने दोन कोटी वाचविले. निर्दोष अर्जाने दार उघडले होते.

आता तर यंत्रे व्याकरणशुद्ध मराठीत हवे तसे पत्र लिहून देतात. तेव्हा रूपाची शुद्धता ही प्रामाणिकपणाची खूण मानता येत नाही. अधिक टिकाऊ कसोटी आशयाची आहे. पत्र काय सांगते ह्यापेक्षा ते काय करावयास लावते, हे पाहावे. बहुतेक सर्व फसव्या पत्रांत चार गोष्टी आढळतात : भीती वा लोभ, घाई, गुप्तता आणि नेहमीची रीत मोडण्याची आज्ञा. 'पुडा पोहोचविता आला नाही, बारा तासांत पत्ता दुरुस्त करा' असा टपाल खात्याच्या नावाने येणारा संदेश, प्राप्तिकराच्या परताव्याचे आमिष, निवृत्तिवेतनधारकास हयातीच्या दाखल्यासाठी मागितलेला ओटीपी, विभागप्रमुखांच्या नावाने 'बैठकीत आहे, फोन करू नका, भेटकार्डे खरेदी करून क्रमांक पाठवा' ही विनंती, शोधनिबंध न वाचताच स्वीकारून शुल्क मागणारे नियतकालिक, ह्या सर्वांचे क्रियापद आज्ञार्थी असते व त्याचा कालावधी अत्यल्प असतो. 'आमिष' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. गळाला लावावयाचा तुकडा. इंग्रजीतील 'फिशिंग' ही संज्ञा मासेमारीवरूनच आली. मराठीत 'गळाला लागणे' हा प्रयोग तिच्या कितीतरी आधीपासून आहे.

आशयाच्या कसोटीतून वर्तनाचा नियम आपोआप निघतो. ज्या मार्गाने मागणी आली त्याच मार्गाने तिची खातरजमा करू नये. पत्रातील क्रमांकावर फोन न करता पासबुकावरील, कार्यालयीन नोंदीतील वा पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर करावा. विभागप्रमुखांच्या दालनाचे दार ठोठावणे हा तर सर्वांत सोपा उपाय होय. अशा चौकशीने वरिष्ठांचा अवमान होत नाही, हे वरिष्ठांनीच आधी जाहीर करणे आवश्यक आहे. कारण पुष्कळ कनिष्ठ कर्मचारी फसतात ते भाबडेपणामुळे नव्हे, तर आज्ञाधारकपणामुळे.

६. चूक घडल्यानंतर

दुवा उघडला गेला किंवा माहिती दिली गेली, तर वेळ दवडू नये. संगणकाचा इंटरनेटशी असलेला संबंध तोडावा. परवलीचे शब्द दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावे. पैसे गेले असल्यास बँकेस व १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते अडविता येण्याचा संभव असतो. मूळ ईमेल पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा होय. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

धमकीच्या ईमेलविषयीही येथेच सांगणे योग्य. १ मे २०२४ रोजी दिल्ली व परिसरातील शंभराहून अधिक शाळांना बॉम्बची धमकी देणारे ईमेल आले. शाळा रिकाम्या कराव्या लागल्या आणि शोधाअंती काही आढळले नाही. तरीही अशा पत्राची थट्टा समजून उपेक्षा करू नये, त्यास उत्तर देऊ नये व ते इतरत्र पाठवू नये. ते जसेच्या तसे पोलिसांना दाखवावे व ते खरे की खोटे ह्याचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

सर्वांत मोठा अडथळा लाजेचा असतो. फसलेला मनुष्य गप्प राहतो आणि तोच गळ शेजारच्या मेजावर पुन्हा टाकला जातो. म्हणून प्रत्येक विभागाने व महाविद्यालयाने आवक टपालाच्या मेजाशी मराठीत लिहिलेला एक फलक लावावा, त्यावर ११२ व १९३० हे क्रमांक आणि कोणास प्रथम सांगावयाचे त्याचे नाव असावे. ज्याने संशय घेतला व तो खोटा ठरला त्यास कोणी हसू नये, आणि ज्याची फसगत झाली त्याने त्याच दिवशी सांगितल्यास त्याला दोष देऊ नये, एवढे दोन संकेत पाळले गेले तर वरील बहुतेक सूचना अमलात येणे सुकर होईल.